सरांचं जनुक

सरांना माणसं आवडत नसत याचं मला कधी नवल वाटलं नाही. पुष्कळांना आवडत नाहीत, आणि त्यातले बरेच जण चांगलं काम करून जातात. पण सरांना गायीही आवडत नसत, आणि आमचं सगळं काम गायींच्या रक्तावर चालायचं. गोठ्यात शिरताना ते नाकाला रुमाल लावायचे, गायीच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, आणि थेट तिच्या कानामागे नाहीतर कासेजवळ गोचीड शोधायला लागायचे. गोचीड सापडली की मात्र चेहरा असा उजळायचा, जशी काही सासरहून लेकच आली आहे.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, जनावरांची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग ठोकणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा, आणि मधे आम्ही पांढरे कोट घातलेली दहा-बारा माणसं. प्रेसचा ठोका पडला की आमच्या टेबलावरच्या नळ्या थरथरायच्या. सर त्या केंद्राचे प्रमुख होते. मी पीएच.डी. संपवून त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले होते, कारण सरांचं नाव मोठं होतं. नाव कशामुळे मोठं होतं ते आधी सांगायला हवं.

गोचीड चावली की तिच्या लाळेतून एक परजीवी गायीच्या रक्तात शिरतो. आधी पांढऱ्या पेशींत घर करतो, मग तांबड्या पेशींत. गायीला ताप चढतो, मानेच्या गाठी सुजतात, दूध आटतं. संकरित गाय असेल आणि औषधाला उशीर झाला, तर ती हातची जाते. शेतकरी त्याला गोचीड ताप म्हणतात. यातली विलक्षण गोष्ट अशी, की परजीवी शिरलेल्या पांढऱ्या पेशी मरायचं विसरतात आणि कर्करोगासारख्या वाढत सुटतात. त्या का मरत नाहीत, याचं एक उत्तर सरांनी तरुणपणी परदेशातल्या प्रयोगशाळेत शोधून काढलं होतं. परजीवीजवळ एक जनुक असतं, ते पेशीला मरू देत नाही, असं ते उत्तर. त्या एका जनुकावर सरांची सगळी कारकीर्द उभी होती. परिषदांची निमंत्रणं त्यावर आली, केंद्राचं प्रमुखपद त्यावर आलं. सर त्याला नेहमी 'माझं जनुक' म्हणायचे. एका पाहुण्यांनी एकदा 'परजीवीचं जनुक' असं म्हटलं, तर सरांनी त्यांना थांबवून दुरुस्त केलं.

केंद्रातल्या प्रत्येकाला त्यांनी नाव दिलं होतं. फाटकावरचा सुरक्षारक्षक गोचीड, कारण तो खुर्चीला चिकटलेला असे. लांबलचक मेल पाठवणाऱ्या एचआरच्या मॅडम पट्टकृमी. हिशेब खात्यातले दोघे जळवा. मी लीख. लीख म्हणजे उवेचं अंडं. बढती मिळाल्यावर ऊ होईन एवढीच मला आशा होती. हे सगळं ते विनोद म्हणून करत नसत. त्यांना माणसांची नावं खरंच लक्षात राहत नसत, पण कुठल्याही कृमीचं पूर्ण शास्त्रीय नाव त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. सर दुसऱ्यांच्या जिवावर जगतात म्हणून तेच खरे परजीवी, हा विनोद केंद्रातल्या प्रत्येकानं कधी ना कधी केला आहे. तो इतका सोपा आहे की मला करावासा वाटत नाही.

कँटीनमध्ये ते कोशिंबिरीतलं कोबीचं पान काट्यानं उचलून उजेडात धरायचे आणि त्यावर कोणाची अंडी असू शकतात ते शांतपणे सांगायचे. नवे लोक जेवण टाकून उठायचे. जुने लोक पोळी मोडता मोडता विचारायचे, सर, आज काय निघालं? एका सहकाऱ्याच्या बाळाच्या बारशाला त्यांनी पाळण्यात वाकून बाळाची नखं तपासली आणि अंगठा चोखत असेल तर जंत ठरलेले आहेत, असं आजीला सांगितलं. आजीनं पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि बाळाला आत नेलं.

कोणी काही बोललं की सर म्हणायचे, 'सिद्ध करा.' ड्रायव्हर म्हणाला तळवड्याला गाड्या अडकल्यात, तर सिद्ध करा. तो बिचारा फोनवरचा नकाशा मागे वळून दाखवायचा. मला ताप आहे म्हणून मी एकदा रजा मागितली, तर त्यांनी थर्मामीटरचा फोटो मागवला. स्वतःच्या जनुकाचा विषय निघाला की मात्र हा नियम बदलायचा. कोणी नव्यानं पडताळून बघू का म्हटलं तर म्हणायचे, एकदा सिद्ध झालेलं पुन्हा पुन्हा सिद्ध करायला ही काय शाळा आहे?

त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. निगडी प्राधिकरणात त्यांचा बंगला होता. दिवाळीत फराळाला आम्ही सगळे जायचो. सर दिवाणखान्यात बसून चिवड्यातले शेंगदाणे बुरशीसाठी तपासत आणि बाई आमच्याशी गप्पा मारत. एकदा त्यांनी मला विचारलं, तुमच्या शास्त्रात परजीवी ज्याच्या जिवावर जगतो त्याला काय म्हणतात? मी म्हटलं, यजमान. त्या चकलीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "नवल आहे. आमच्याकडे मी ह्यांना यजमान म्हणते." सरांनी ऐकलं असावं, पण त्यांनी पुढचा शेंगदाणा तपासायला घेतला.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सूक्ष्मदर्शकापाशी हा माणूस वेगळा होता. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून दिला, की आम्ही अर्धा तास डोळे फोडून जे शोधायचो ते त्यांना बसल्या बसल्या दिसायचं. तेव्हा ते खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणायचे. एखादी पेशी फारच सुरेख असली तर बाजूला सरकून म्हणायचे, या, बघा. तेवढ्यापुरता मला त्यांचा हेवा वाटायचा. मग ते काच उचलून पेटीत ठेवायचे आणि पुन्हा सर व्हायचे.

खेडच्या बाजूला एका वस्तीवर गाय आजारी असल्याचं कळलं आणि आम्ही रक्त आणायला गेलो, ती सकाळ मला चांगली आठवते. घरातली बाई साठीची असेल, मी तिला मावशी म्हणू लागले. गायीचं नाव चंद्री. ती नुकतीच व्यायली होती, शेजारी तिचं वासरू बांधलेलं होतं. चंद्री मान टाकून बसली होती आणि मावशी तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. सरांनी रुमाल नाकाला लावला आणि मला सुई लावायला सांगितलं. चंद्रीच्या पापण्यांच्या आतला भाग पांढरा पडला होता. मी रक्त घेत असताना मावशींनी सरांना विचारलं, "डॉक्टर, वाचंल का वो माजी गाय?"

सर म्हणाले, "मी गायीचा अभ्यास करत नाही. तिच्यात जे आहे त्याचा करतो."

मावशी म्हणाल्या, "मंग तिच्यात हाय त्येलाच इचारा, सोडतंय का तिला."

सरांनी नळी उजेडात धरून पाहिली आणि पँट वर धरून, वासराला ओलांडून गाडीकडे निघाले. औषध कोणतं द्यायचं, कोणाला बोलवायचं, काही बोलले नाहीत. मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आले, इंजेक्शन दिलं, पण वेळ गेली होती. चंद्री गेल्याचं मावशींनी मला फोनवर कळवलं आणि मी ते सरांना सांगितलं. सरांनी विचारलं, रक्त फ्रीजरमध्ये ठेवलंय ना? त्या रक्तात परजीवी इतके भरपूर होते, की पुढचे कित्येक महिने आमचं सगळं काम त्यावर चाललं. परजीवीच्या त्या वाणाला सरांनी स्वतःच्या आद्याक्षरांचं नाव दिलं. चंद्रीचं नाव कुठेच आलं नाही.

मी मधून मधून मावशींकडे जात राहिले. कामाच्या निमित्तानं म्हणा किंवा वासरासाठी म्हणा. मावशी त्याला बाटलीनं दूध पाजत होत्या आणि गोचीड लागू नये म्हणून गोठ्यापासून दूर, घराच्या पडवीत बांधत होत्या. आईची राखण करता आली न्हाई, आता हिची तरी करू, असं म्हणायच्या.

त्याच सुमाराला आमच्या पेटीत निरोगी जनावराचं रक्त म्हणून जो नमुना ठेवला होता, तो शेळीचा आहे हे माझ्या लक्षात आलं. गायीच्या रोगाची तपासणी करायची तर तुलनेला निरोगी गायच हवी, हे पहिल्या वर्षाची मुलंही सांगतील. मी सरांना विचारलं. ते म्हणाले की सुरुवातीला त्यांना तिकडे परदेशात गोचीड न लागलेली गाय मिळाली नव्हती, म्हणून शेळी घेतली. शेळीत ते जनुक दिसलं नाही, आजारी गायीत दिसलं, म्हणजे ते परजीवीचं. विषय संपला.

मला तो संपल्यासारखा वाटेना. मावशींना विचारून मी वासराचं थोडं रक्त घेतलं. काचेवर पाहिलं, स्वच्छ होतं, परजीवीचा मागमूस नव्हता. मग सरांच्या जनुकाची तपासणी लावली. ते जनुक नमुन्यात असेल तर निळसर उजेडात एक चमकती रेघ दिसते, नसेल तर जागा काळी राहते. वासराच्या जागी रेघ लख्ख चमकत होती.

पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काही चुकलं. दुसऱ्या नमुन्याचा थेंब उडाला असेल. सगळी रसायनं नवी उघडून पुन्हा केलं. रेघ तशीच. आणखी काही निरोगी गायींचं रक्त मिळवलं. सगळ्यांत रेघ. शेवटी मी त्या जनुकाची अक्षरं संगणकावर गायीच्या संपूर्ण जनुकसंचाशी लावून पाहिली. अक्षराला अक्षर जुळलं. सरांनी तरुणपणी शोधलं तेव्हा गायीचा संच कोणी वाचलेला नव्हता, त्यामुळे तेव्हा फसगत झाली असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण तो वाचून झाल्याला वर्षं लोटली होती. दुपारच्या चहाच्या वेळात होणारं काम होतं. गायीचा अभ्यास न करणारा हा माणूस आयुष्यभर गायीचाच अभ्यास करत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ सांगितलं. "सर, हे जनुक परजीवीचं नाही. गायीचं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमचे हात घाण आहेत," म्हणाले.

मी म्हटलं, मग तुम्ही करा. आणि त्यांनी खरंच केलं. कोट चढवला, हातमोजे घातले, स्टुलावर बसून प्रत्येक थेंब स्वतः सोडला. मी फक्त बाजूला उभी होते. निळा दिवा लावला तेव्हा शेळीची जागा सोडून सगळीकडे रेघा होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेजारच्या कारखान्यात ठोके पडत होते. मग ते म्हणाले की हे कोणाजवळ बोलू नका, मी बघतो काय ते. आवाज इतका बारीक होता की मला त्यांची कीव आली. मी त्यांना चहा करून दिला. तो त्यांनी साखर कमी आहे म्हणून परत केला, तरीही माझी कीव टिकली. एका माणसाचं आयुष्य डोळ्यांसमोर कोसळलेलं मी पाहिलं आहे, असं मी घरी आईला सांगितलं. पुढे कळलं की ती कीव फुकट गेली.

पुढचे काही महिने सर केबिनचं दार लावून बसू लागले. मी दोनदा विचारलं, आपण हे लिहायला हवं ना? त्यांनी दोन्ही वेळा घाई करू नका म्हणून सांगितलं. मग एक दिवस ते शीळ घालत आले. मी त्यांना शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा निबंध छापून आला होता. आपल्याच जुन्या शोधाची आपणच केलेली फेरतपासणी, आणि तो शोध चुकीचा असल्याची कबुली. नाव एकट्या सरांचं. शेवटी, जिथे फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचेही आभार मानतात, तिथे नमुने गोळा करायला मदत केल्याबद्दल माझे आभार होते.

मी विचारायला गेले. माझं नाव कुठे आहे? ते म्हणाले, "आहे की, शेवटी." मी म्हटलं, हे मी शोधलं. ते म्हणाले, तपासणी मी माझ्या हातानं केली, तुमच्यासमोरच केली. आणि ते खरं होतं. तेवढ्यासाठीच त्या दिवशी कोट चढवला होता का, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. मी कंपनीत वरपर्यंत जाऊन आले. वरच्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि असे गैरसमज होतात असं सांगितलं. मी दुसरीकडे अर्ज केला, हिंजवडीत नोकरी मिळाली. तिथे रक्त नाही, गोठा नाही, फक्त पडद्यावर जनुकांची अक्षरं. मी राजीनामा दिला.

जाण्याआधी एवढं बघायचं राहिलं होतं. चिंचवडच्या एका संस्थेनं सरांचा सत्कार ठरवला. कशाबद्दल, तर शास्त्रीय प्रामाणिकपणाबद्दल. स्वतःचं आयुष्यभराचं काम स्वतःच्या हातानं मोडून टाकणारा शास्त्रज्ञ आपल्या शहरात आहे, ही बातमी त्यांना कुठूनशी लागली होती. केंद्रातल्या सगळ्यांना हजर राहायची सूचना आली. मी टाळणार होते, पण बाईंचा फोन आला. सरांची गाडी गॅरेजमध्ये आहे, तू देहूरोडला घरी जाताना आम्हाला वाटेत सोडशील का? बाईंना नाही म्हणवेना.

सूत्रसंचालकानं सरांना हरिश्चंद्राच्या रांगेत बसवलं. शाल, श्रीफळ, पगडी सगळं झालं. मग सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, सत्य शोधताना माणसानं स्वतःवरही दया करू नये. टाळ्या झाल्या. म्हणाले, एका सकाळी मी एका गरीब घरच्या गोठ्यात बसलो होतो, आई गमावलेल्या एका वासराच्या डोळ्यांत बघत होतो, आणि मला शंका आली. लोक उभे राहिले. माझ्या शेजारच्या एका आजोबांनी डोळे टिपले. मी बसूनच राहिले. ज्या माणसानं वासराला ओलांडून जाताना पँट वर धरली होती, त्यानं आता ते वासरूही स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

परतताना सर पुढे बसले, मांडीवर शाल आणि नारळ. बाई मागे. आकुर्डीला मेट्रोच्या कामाचे पत्रे लावल्यामुळे गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. मग सरांनी विचारलं, भाषण कसं झालं? मी म्हटलं, सर, त्या वासराचा रंग कोणता होता? त्यांनी जरा विचार केला आणि भाषणात थोडं रंगवावं लागतं असं म्हणाले.

"तुम्हाला राग आलाय, ते मला कळतं," ते पुढे म्हणाले. आवाज खरंच समजुतीचा होता. "पण शांतपणे विचार करा. तुमच्या नावानं हे आलं असतं तर कोणी वाचलं असतं? सगळे म्हणाले असते, पोरीचे हात घाण असतील. मी म्हटलं म्हणून त्यांनी मानलं. तुमचं सत्य मी वाचवलं."

यातलं बरंचसं बरोबर होतं. तसंच झालं असतं. आणि ते बरोबर होतं म्हणूनच मला त्या माणसाशेजारी आणखी एक मिनिट बसवेना. हात घाण म्हणणारा पहिला माणूस तोच होता, आणि आता त्याच आरोपापासून मला वाचवल्याचं श्रेयही तोच घेत होता. मी इंडिकेटर लावला आणि गाडी फुटपाथला घेतली.

"सर, इथे उतरा."

त्यांना वाटलं, गाडीला काही झालं. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, इथून रिक्षा मिळेल. पहिल्यांदाच, मला वाटतं, सरांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग त्यांनी मागे वळून बाईंकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "शाल आत ओढून घ्या. दारात अडकेल."

ते उतरले. एका हातात शाल, एका हातात नारळ, डोक्यावर पगडी. मला सरांचं काहीच वाटलं नाही, पण बाईंचं वाटलं. त्यांना आता नवऱ्यामागे उतरावं लागणार, तेही रहदारीत. मी मागे वळून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाई खाली उतरल्या, पदर सावरला, आणि पुढचं दार उघडून सरांच्या जागेवर येऊन बसल्या. पट्टा लावून घेतला.

"चल," म्हणाल्या. "घरी चहा टाकते. ते यायच्या आत निवांत पिऊन जा."